हा प्रश्न संगणक खात्याचा नाही

२ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला एक आदेश दिला. आदेश देणाऱ्या बँकेचे मुख्यालय फोर्टात, घेणाऱ्या बँकेचे लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर. आधीच्या दोन वर्षांत बँकेचे इंटरनेट बँकिंग आणि पैसे पाठवण्याची यंत्रणा अनेकदा बंद पडली होती. शेवटची घटना २१ नोव्हेंबरची, मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्यामुळे घडलेली. आदेशात दोन बंधने होती. डिजिटल विस्ताराच्या कार्यक्रमातले नवे काही तूर्त सुरू करायचे नाही, आणि क्रेडिट कार्डाचे नवे ग्राहक घ्यायचे नाहीत. त्याच्या जोडीला आणखी एक सूचना होती: बँकेच्या संचालक मंडळाने त्रुटी तपासाव्यात आणि जबाबदारी निश्चित करावी.

ही सूचना फारशी चर्चेत आली नाही. खरे तर आदेशातला सर्वात महत्त्वाचा भाग तोच होता. संगणक बसला की आपल्याकडे नजरा संगणक खात्याकडे वळतात. काउंटरवरचा माणूस ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो, आपण मान डोलावून परत फिरतो, जणू पाऊस लागला आहे आणि त्यात कोणाचा काय दोष. रिझर्व्ह बँकेने मात्र जबाब मागितला तो थेट संचालक मंडळाकडे. एका डेटा सेंटरची वीज गेल्यावर दुसऱ्या केंद्राने किती मिनिटांत काम उचलायचे, तेवढ्या तयारीसाठी वर्षाला किती पैसे घालायचे, ग्राहक दुप्पट होणार असतील तर यंत्रणा आधी वाढवायची की ग्राहक आधी आणायचे, हे निर्णय वायरिंग पाहणारा माणूस घेत नसतो. नव्या कार्डांवरचे बंधन ऑगस्ट २०२१ मध्ये सैल झाले आणि उरलेले मार्च २०२२ मध्ये उठले. देशातल्या सर्वात मोठ्या खासगी बँकेला सुमारे साडेआठ महिने क्रेडिट कार्डाचा एकही नवा ग्राहक घेता आला नाही. हा तोटा धंद्याचा होता, त्यामुळे प्रश्नही धंद्याचाच होता.

या प्रश्नांची आधीच, शांतपणे मांडणी करण्याच्या कामाला व्यवस्थापनाच्या जगात ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ असे भारदस्त नाव आहे. नाव बाजूला ठेवले तर काम समजायला अवघड नाही. संस्था नेमकी काय करते, त्यासाठी तिला कोणती माहिती लागते, ती माहिती कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहते, आणि ती सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रांवर व तारांवर चालतात, असे चार थर. ते आज एकमेकांत कसे गुंतले आहेत आणि पाच वर्षांनी कसे असायला हवेत, याचा आराखडा म्हणजे हे काम.

गिरगावात किंवा लालबागला चाळीचा पुनर्विकास निघाला की आर्किटेक्ट नकाशा घेऊन येतो. खांब कुठे, जिना किती रुंद, पाण्याची टाकी कुठे, हे त्यानेच ठरवायचे. पण गाळेवाल्यांना पुन्हा रस्त्याकडेचीच जागा द्यायची का, गणपतीच्या मंडपापुरते अंगण राखायचे का, लिफ्टचा आणि देखभालीचा महिन्याचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्यांना झेपेल का, हे रहिवाशांच्या सभेत ठरायला हवे. सभेने हे प्रश्न घेतले नाहीत म्हणून ते अनुत्तरित राहत नाहीत. नकाशा काढणारा आपल्या सोयीने त्यांची उत्तरे देऊन मोकळा होतो, आणि ताबा मिळाल्यावर लोकांना ती कळतात.

या विद्येचा उगम अमेरिकेत. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये कंपनीच्या नियतकालिकात एक लेख लिहून माहिती-यंत्रणांचा आराखडा कसा मांडावा याची एक चौकट सुचवली. पुढे ती वाढून सहा आडव्या आणि सहा उभ्या रांगांची, छत्तीस घरांची झाली. छत्तीस घरे भरण्याच्या नादात कित्येक कंपन्यांनी जाडजूड अहवाल तयार केले आणि कपाटात ठेवले. ही विद्या बदनाम झाली ती याच सवयीने. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्हन स्पेवाक यांनी नियोजनाची जी पद्धत मांडली ती जास्त शहाणपणाची होती. आधी व्यवस्थापनाची बांधिलकी, मग धंदा कसा चालतो याची समज, त्यानंतर माहिती, मग सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान सर्वात शेवटी, असा तिचा क्रम होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती शेवटच्या पायरीपासून. विक्रेता येतो, झगमगीत सादरीकरण होते, सॉफ्टवेअर विकत घेतले जाते आणि मग संस्थेचे काम त्यात कोंबायची खटपट सुरू होते.

उलट्या, म्हणजेच बरोबर क्रमाने काम झाल्याचे एक ठसठशीत उदाहरण मध्य मुंबईतच घडले, तेही कोणी त्याला हे नाव न देता.

१९९२ च्या एप्रिलमध्ये रोखे घोटाळा उघडकीस आला तेव्हा दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारातले सौदे रिंगणात, ओरडून आणि हातांच्या खुणांनी होत. अहमदाबादच्या किंवा कोल्हापूरच्या गुंतवणूकदाराला आपला शेअर नेमक्या कोणत्या भावाला घेतला गेला हे कळायला दलालाच्या शब्दाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. त्याआधीच मनोहर फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशपातळीवरचा नवा बाजार सुचवला होता. आयडीबीआय या वित्तसंस्थेने पुढाकार घेतला, एस. एस. नाडकर्णी तिचे प्रमुख होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज ही कंपनी स्थापन झाली, आणि वरळीच्या महिंद्र टॉवर्समध्ये तिचे काम सुरू झाले. व्यवस्थापकीय संचालक होते डॉ. आर. एच. पाटील. ते अर्थशास्त्राचे माणूस, संगणकाचे नव्हेत. त्यांच्याबरोबर आयडीबीआयमधून आलेली मोजकी तरुण मंडळी होती, त्यांतही वित्त आणि हिशेब जाणणारेच जास्त.

या लोकांपुढे पहिला प्रश्न यंत्र कोणते घ्यायचे हा नव्हताच. बाजाराचे मालक कोण, हा होता. जुन्या बाजाराचे मालक दलालच होते, नव्या बाजारात मालकी वित्तसंस्थांची आणि दलाल फक्त सदस्य असे ठरले. दुसरा प्रश्न सौदा जुळवायचा कसा. एक पद्धत अशी की बाजारातले ठरावीक व्यापारी घेण्याचा आणि देण्याचा भाव सांगतात आणि बाकीचे त्यांच्याशी सौदे करतात. दुसरी पद्धत अशी की प्रत्येकाची मागणी एकाच केंद्रीय वहीत जाते आणि संगणक ती जुळवतो. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी निवडली, आणि नियम ठेवला: आधी भाव, मग वेळ. समजा दोघांनी एकच शेअर १४५ रुपयांना विकायला लावला आहे, एकाने दहा वाजून पाच मिनिटांनी आणि दुसऱ्याने बारा सेकंदांनंतर. खरेदीदार आला की पहिल्याचा माल आधी जाणार. दुसरा देशातल्या सर्वात मोठ्या दलालाचा ग्राहक असला तरी. शिवाय पडद्यावर कोणाचेही नाव दिसणार नाही, त्यामुळे मोठा खेळाडू विकतो आहे हे पाहून घाबरण्याची किंवा त्याच्या मागे धावण्याची सोय नाही.

एवढे ठरल्यावर यंत्रणेचा आकार जवळजवळ आपोआप ठरला. वही एकच असेल तर संगणकही एका ठिकाणी हवा आणि तो बंद पडता कामा नये, म्हणून एक भाग बिघडला तरी चालत राहणारी यंत्रे घेतली गेली. सगळ्या शहरांतल्या दलालांना एकाच रांगेत उभे करायचे असेल तर मागणी काही क्षणांत मुंबईला पोहोचायला हवी. त्या काळच्या टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता, म्हणून छपरावर तबकडी लावून उपग्रहामार्फत जोडणी करण्याचा, तेव्हा धाडसी वाटणारा, मार्ग घेतला गेला. उपग्रह हा कोणा तंत्रज्ञाचा हौशी हट्ट नव्हता. छोट्या शहरातल्या माणसालाही मुंबईचाच भाव आणि मुंबईचीच रांग मिळाली पाहिजे, या व्यवसायाच्या निर्णयाला दुसरा तांत्रिक मार्ग उरला नव्हता. ३० जून १९९४ ला कर्जरोख्यांचा आणि ३ नोव्हेंबरला शेअरांचा बाजार सुरू झाला. वर्षभरात उलाढालीत या नव्या बाजाराने जवळजवळ सव्वाशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दलाल स्ट्रीटला मागे टाकले. दलाल स्ट्रीटनेही मार्च १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही स्वतःची संगणक यंत्रणा आणली. म्हणजे संगणक दोघांकडेही होता. फरक पडला तो संगणकाच्या आधी काय ठरवले होते याने.

सौदा पडद्यावर क्षणात झाला, तरी माल अजून कागदावर होता. आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला त्या कागदांची कल्पना येणार नाही. शेअर विकायचा तर प्रमाणपत्राला ट्रान्सफर डीड जोडायचे, त्यावर सही करायची आणि गठ्ठा दलालाकडे द्यायचा. तो दलालाकडून दलालाकडे, मग खरेदीदाराकडे आणि तिथून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे जाई. रजिस्ट्रार दप्तरातल्या नमुना सहीशी ती ताडून पाही. आजोबांच्या सहीतली वेलांटी वयाप्रमाणे थरथरू लागली असेल तर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून गठ्ठा आठवड्यांनी उलट्या वाटेने परत. याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत आणि दलालांच्या पेढ्यांवर फक्त तेवढेच निस्तरायला माणसे ठेवलेली असत. प्रमाणपत्रे टपालात गहाळ होत, चोरीची आणि बनावटही फिरत.

यावर उपाय म्हणून नोव्हेंबर १९९६ मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी सुरू झाली. आयडीबीआय, यूटीआय आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज हे प्रवर्तक. कचेरी तेव्हा होती लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात, ट्रेड वर्ल्ड इमारतीत. गिरण्यांच्या संपानंतर त्या भागात जे नवे उद्योग आले त्यांतला हा अगदी सुरुवातीचा म्हणायचा. प्रमुख होते चंद्रशेखर भावे, प्रशासकीय सेवेतून सेबी या बाजारनियामक संस्थेत आणि तिथून इथे आलेले. तेही संगणकाचे तज्ज्ञ नव्हेत.

इथला कळीचा प्रश्न पाहण्यासारखा आहे. कागदी प्रमाणपत्रे एका भक्कम तिजोरीत ठेवून फक्त मालकीच्या नोंदी संगणकावर फिरवायच्या, की कागदच रद्द करून टाकायचा? जगात दोन्ही रीती होत्या. आपण दुसरी मुख्य मानली. दुसरे असे की प्रत्येक कागदी शेअरला स्वतःचा क्रमांक असे. डिपॉझिटरीत गेल्यावर तो क्रमांक संपतो, एका कंपनीचा कोणताही शेअर दुसऱ्यासारखाच होतो. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने हे मान्य केले आणि कंपनीच्या दप्तरात नोंदणीकृत मालक म्हणून डिपॉझिटरी, लाभाचा मालक म्हणून गुंतवणूकदार अशी व्यवस्था केली. संगणकाच्या बाजूने याचा अर्थ काय? प्रत्येक शेअरचा प्रवास क्रमांकानिशी सांभाळण्याची गरजच उरली नाही. प्रत्येक खात्यात कोणत्या कंपनीचे किती शेअर, एवढी शिल्लक ठेवली की झाले, बँकेच्या पासबुकासारखी. कायदा आणि व्यवसाय जाणणाऱ्यांनी एक गुंता मुळातच काढून टाकला, म्हणून यंत्रणा सुटसुटीत झाली. हाच गुंता ‘आमची जुनी पद्धत तशीच राहू द्या’ म्हणत संगणकवाल्यांच्या गळ्यात मारला असता तर त्यांनी तोही सोडवला असता, दसपट खर्चात आणि दसपट चुकांसह. आज सौद्यानंतरच्या पहिल्याच कामकाजी दिवशी शेअर खात्यात येतात. जानेवारी २०२३ पासून हे सगळ्या शेअरांना लागू आहे. त्याचा पाया १९९६ च्या त्या निर्णयात आहे.

तिसरा धडा दादरचा. पोर्तुगीज चर्चच्या बाजूने एस. के. बोले मार्गावर चालत गेलात तर सीसीआयएल भवन लागते. फुलबाजाराच्या आणि कबुतरखान्याच्या दादरात सरकारी कर्जरोख्यांची देशभरची देवाणघेवाण चुकती करणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, हे दादरकरांनाही सहसा ठाऊक नसते. २००१ मध्ये ती स्थापन झाली, फेब्रुवारी २००२ मध्ये काम सुरू झाले, आणि पहिले अध्यक्ष पुन्हा डॉ. पाटीलच. दोन बँकांमध्ये रोख्यांचा सौदा झाला की ही संस्था मधे शिरते: विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार होते आणि खरेदीदारासाठी विक्रेता. एक बाजू बुडाली तरी दुसरीला तिचे पैसे किंवा रोखे मिळतात. पण मग बुडालेल्याचा तोटा कोणी सोसायचा, आधी कोणाच्या ठेवीतून घ्यायचा, त्यानंतर कोणाच्या, प्रत्येक बँकेने आगाऊ किती तारण ठेवायचे? ही उत्तरे कितीही ताकदीच्या यंत्रात सापडत नाहीत. ती बँकांच्या प्रमुखांना टेबलाभोवती बसून, आपापला फायदा सोडून द्यावी लागतात. त्यानंतर प्रोग्रॅम लिहिणे हे कष्टाचे पण सरळ काम.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, कारण वरळीत सुरू झालेला तो नवा शेअर बाजारच पुढे दोन्ही अर्थांनी उदाहरण ठरला. २०१० च्या सुमारास नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने दलालांना आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवण्याची सोय दिली. ‘को-लोकेशन’ म्हणतात ती हीच. सेकंदाच्या अगदी बारीक अंशावर चालणाऱ्या व्यापाऱ्यांना भावाची प्रत्येक हालचाल थेट पाठवली जाई. ती पाठवण्याचे दोन मार्ग असतात. एक, सगळ्यांना एकाच वेळी. दुसरा, एकापाठोपाठ एक. निवडला गेला दुसरा. परिणाम असा की सकाळी सर्व्हरला जो आधी जोडला जाईल त्याला माहिती किंचित आधी मिळे. ‘किंचित’ म्हणजे माणसाला जाणवणारही नाही इतकी, पण यंत्राला पुरेशी. २०१४ मध्ये एकाच वेळी पाठवण्याची पद्धत आली. तक्रारी, चौकशा, फॉरेन्सिक तपासण्या होत एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एक्स्चेंजला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय लवादाने ती वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरण्यास सांगितले.

कायद्याचा वाद बाजूला ठेवू. आराखड्याच्या दृष्टीने पाहा. १९९४ मध्ये ‘रांगेत पहिला कोण’ हा प्रश्न संस्थेच्या सर्वोच्च पातळीवर, तत्त्व म्हणून ठरला होता. पंधरा-सोळा वर्षांनी नेमका तोच प्रश्न पुन्हा आला, पण नेटवर्कच्या एका तपशिलाचा वेष घालून. तांत्रिक भाषेत आला म्हणून तो तांत्रिक ठरला. रांगेत पहिला कोण हे ठरवण्याचा अधिकार संचालक मंडळाचा असतो, आणि तो जोडणीच्या पद्धतीत लपला आहे हे त्यांना वेळेवर दिसावे, एवढ्यासाठीच तर आराखडा हवा. माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म याच एका प्रकरणात आहे.

मोठ्या संस्थांचे राहू द्या. गिरगावात शंभर वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या सहकारी बँका आठवा. १९१७ ची एनकेजीएसबी, १९१८ ची सारस्वत. अशा बँका शाखाशाखांनी वाढल्या आणि प्रत्येक शाखेची खातेवही वेगळी. खातेदार ठाकूरद्वार शाखेचा असे, किंवा दादर शाखेचा. सगळ्या बँकांत कोअर बँकिंग आले तेव्हा सर्व खाती एका ठिकाणी गेली आणि खातेदार कागदोपत्री बँकेचा झाला. पण व्यवहारात? दादरच्या खातेदाराने परळच्या शाखेत पैसे भरले तर ते काम कोणाच्या आकड्यांत धरायचे? ठेव कोणाच्या उद्दिष्टात मोजायची? कर्ज थकले तर वसुलीला कोणाचा माणूस जाणार? सरव्यवस्थापकांनी हे ठरवले नाही तर परळचा शाखाधिकारी, स्वतःच्या हिशेबाने अगदी बरोबर, खातेदाराला सांगतो: ‘तुमच्या शाखेत जा.’ सॉफ्टवेअर एक झालेले असते, संस्था झालेली नसते. असा अनुभव कोणाला आला नाही?

एमआयटीच्या जीन रॉस आणि पीटर वाइल यांनी डेव्हिड रॉबर्टसन यांच्यासह २००६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात प्रमुखांसाठी फक्त दोन प्रश्न ठेवले आहेत. संस्थेच्या वेगवेगळ्या विभागांनी आपली माहिती किती प्रमाणात एकत्र ठेवायची? आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने काम करायचे ते किती प्रमाणात? दोन्हींचे उत्तर ‘पूर्ण’ असले पाहिजे असे नाही. एकाच मालकाचे दादरला कपड्यांचे दुकान आणि लालबागला मसाल्यांची गिरणी असेल तर दोघांनी एकच पद्धत वापरण्यात काही अर्थ नाही. पण एकाच बँकेच्या दोन शाखांतला गृहकर्जाचा अर्ज वेगळा का, याचे उत्तर कोणाकडेच नसते. ही दोन उत्तरे मालकाकडून किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडून आली की संगणक खात्याचे निम्मे वाद मिटतात.

मग प्रमुख मंडळी बसत का नाहीत? ‘मला त्यातले काही कळत नाही, तुम्हीच बघा’ हे वाक्य नम्रतेने म्हटले जाते, पण त्यामागे सोय असते. निर्णयावर आपले नाव नको. कोणत्या खात्याची यंत्रणा बंद होणार, कोणाच्या हातातली माहिती सर्वांना दिसणार, हे ठरवले की कोणी तरी दुखावते. दुसरीकडे संगणकवाल्यांचाही वाटा आहे. ते प्रमुखांना बोलावतात ते ऐंशी पानांच्या सादरीकरणाला, त्यातल्या चौकोनांना आणि बाणांना मान्यता द्यायला. प्रमुख घड्याळ पाहत सही करतात. सही मिळते, पण पाठबळ मिळत नाही.

जे जमलेले दिसते त्यात कागद एकच पान असतो आणि त्यावर एकच निवड असते, दोन्ही बाजूंची किंमत रुपयांत आणि दिवसांत लिहिलेली. ‘दुसरे केंद्र दोन तासांत सुरू व्हावे तर वर्षाला इतका खर्च, दहा मिनिटांत व्हावे तर इतका. दोन तास बंद राहिलो तर इतके व्यवहार बुडतात.’ यावर बोलायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. ग्राहकाचा पत्ता, वस्तूचा दर, कर्मचाऱ्याची नोंद अशा प्रत्येक मुख्य माहितीला एक नाव चिकटवलेले असते, संगणक खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याचे. पत्ता चुकीचा निघाला तर उत्तर त्याने द्यायचे. टेबलाभोवती मुख्याधिकाऱ्याइतकीच जुन्या हेडक्लार्कचीही गरज असते, कारण नियमाला अपवाद कुठे आणि का केले जातात हे फक्त त्यालाच माहीत असते. आराखडे अपवादांवरच फुटतात. एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगेन. प्रमुखांचा सहभाग म्हणजे पडद्याचा रंग आणि विक्रेत्याचे नाव ठरवणे नव्हे. त्यांना तेच करायला आवडते, आणि नेमके तेच त्यांनी करू नये.

नियामकांनी आता यासाठी थोडी जबरदस्तीही सुरू केली आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे सौदे सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्यानंतर जुलैत सेबीने अशा बिघाडांसाठी दंडाचे कोष्टक काढले, त्यात आपत्ती वेळेत जाहीर न केल्यास तंत्रज्ञानप्रमुखाबरोबर व्यवस्थापकीय संचालकाच्याही वार्षिक पगारातले १० टक्के धरले होते. २०२४ मध्ये हा व्यक्तिगत भार काढून संस्थेवर ठेवला गेला. मला तो असायला हवा होता असे वाटते, पण ते असो. रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०२३ चे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांत व्यापारी बँकांच्या संचालक मंडळाची माहिती-तंत्रज्ञानविषयक समिती, तिच्या अध्यक्षपदी या विषयाचा जाणकार स्वतंत्र संचालक आणि दर तिमाहीला किमान एक बैठक बंधनकारक आहे.

नागरी सहकारी बँकांपैकी ज्यांच्या ठेवी १०० कोटी किंवा त्याहून जास्त आहेत त्यांना संचालक मंडळाखेरीज एक व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते, आणि त्यावरच्या सदस्यांसाठी जी विशेष ज्ञानाची क्षेत्रे सांगितली आहेत त्यांत माहिती तंत्रज्ञानही आहे. तुम्ही अशा एखाद्या बँकेचे सभासद असाल, आणि या भागातली बरीच मराठी घरे कुठल्या ना कुठल्या बँकेची सभासद असतात, तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेला जा. लाभांशाचा प्रश्न दरवर्षी कोणी तरी विचारतोच. तुम्ही उभे राहून एवढेच विचारा: यंत्रणा बंद पडली तर किती वेळात सुरू व्हायला हवी, हे आपल्या बँकेत कोणी ठरवले आणि कोणत्या बैठकीत? उत्तर द्यायला संगणक खात्याचा प्रमुख उठला, तर त्याला नम्रपणे बसवा आणि अध्यक्षांकडून उत्तर मागा.